तळ्याकाठची हाळी

आमच्या आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूचा, आवाज गेला तेव्हा निम्म्या गावाला चुकल्या-चुकल्यासारखं झालं आणि उरलेल्या निम्म्याला हायसं वाटलं असणार. मी कोणत्या निम्म्यात होते ते त्या त्या दिवसावर अवलंबून असायचं. आसेगावच्या अलीकडे आमचं गाव. मी शेजारच्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवते, नवरा शेती पाहतो. लग्न होऊन आले तेव्हापासून सकाळी मला गजराची गरज पडली नाही. आत्याबाई अंगणातून म्हशीला बोलायच्या आणि पलीकडच्या गल्लीतलं पोरगं उठून बसायचं.

त्यांच्या मानेत गाठ आली. अकोल्याला ऑपरेशन झालं, गाठ साधीच निघाली, सगळं व्यवस्थित पार पडलं. आवाजाच्या नसेला धक्का बसू शकतो असं डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं होतं, आणि तो बसला. शुद्धीवर आल्यावर आत्याबाईंनी तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. कुजबुजल्यासारखं, कान तोंडाजवळ नेला तरच कळेल असं. नस हळूहळू जागी होईल, धीर धरा, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही धीर धरला. घरात मात्र इतकी शांतता पसरली की भिंतीवरच्या घड्याळाचा मला राग यायला लागला.

पुढे तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून पाहिलं आणि खूश झाले. घशातले पडदे चांगले हलत होते. आता आवाज यायला हरकत नाही, म्हणाले. अडचण वेगळीच होती. आत्याबाईंना कुजबुजायचीच सवय लागली होती. ती मोडायला हवी, नाहीतर घट्ट बसेल आणि मग कायमचंच. त्यांनी व्यायाम सांगितले. सकाळी उठून 'आऽ' लांबवायचा, गुणगुणायचं, खोकायचं आणि त्याच दमात एखादं अक्षर बाहेर काढायचं. आत्याबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर माझ्या कानाशी येऊन कुजबुजल्या की या वयात म्हशीवानी हंबरायला मी काही येडी नाही. त्यावर मी वाद घातला, नवऱ्यानं विनवण्या केल्या. भिंतीला सांगितलं असतं तर तिनं जास्त ऐकलं असतं.

मला खरी भीती वाटायला लागली ती वेगळ्याच गोष्टीची. आत्याबाई हळूहळू कुजबुजणंही सोडून देत होत्या. ज्या बाईला विचारल्याशिवाय आमच्या घरात पेरणीचं बियाणं ठरत नव्हतं, ती आता दाराशी बसून नुसती बघायची. शेजारणी यायच्या, थोडं बसायच्या, आणि एकटीनंच बोलून कंटाळून उठून जायच्या. आम्ही त्यांना काही विचारायचो आणि त्यांनी ओठ हलवायच्या आत उत्तरही आम्हीच देऊन टाकायचो. जिवंत माणूस असं घरातल्या घरात पुसट होत जाताना मी पाहत होते, आणि मला काही सुचत नव्हतं.

अशात आमची लेक नैरोबीहून फोनवर हटून बसली. ती तिथं एका कंपनीत हिशेब सांभाळते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी यावं असं ती दोन वर्षं म्हणत होतीच. तिथल्या एका तळ्याकाठच्या अभयारण्यात नेते, आई, तुझी पाखरं बघून तुझे डोळे दुखतील, असं आमिष तिनं दाखवलं होतं. मला पक्षी बघायचा नाद आहे. रविवारी मी वाशिमजवळच्या एकबुर्जीच्या तलावावर दुर्बीण घेऊन बसते, आणि बाई बदकं मोजते म्हणून लोक मला हसतात. हसू देत. आता लेकीचं म्हणणं होतं की आजीलाही घेऊन ये.

नवरा येणार नव्हता. मिरगाच्या तोंडावर वावर सोडून विमानात बसणारा माणूस आमच्या घराण्यात जन्माला यायचा आहे. म्हणजे आत्याबाईंना मी एकटीनं न्यायचं, त्यांचं कुजबुजणं सगळ्या जगाला मोठ्यानं सांगायचं, आणि आयुष्यात एकदा मिळणारी पाखरं बघायची ती एका डोळ्यानं. तरी मी हो म्हटलं. घरात त्यांना असं एकटं सोडून जायची हिंमत झाली नाही, हे एक. दुसरं म्हणजे जागा बदलली तर काही फरक पडेल अशी वेडी आशा होती.

आत्याबाईंनी धापोडे म्हणजे ज्वारीचे पापड, तिळाची चटणी आणि वाळवलेल्या मिरच्या भरून एक पिशवी बांधली. पिवळ्या तापाची लस घेताना हूं की चूं केलं नाही. विमानात खिडकीशी बसून ढगांकडे बघत राहिल्या. नैरोबीच्या विमानतळावर खिडकीतल्या बाईनं काहीतरी विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि मी नेहमीप्रमाणे उत्तर दिलं.

ते तळं म्हणजे खोल दरीच्या तळाशी पसरलेलं खारं पाणी. भोवती जंगल, जंगलाभोवती तारेचं कुंपण. आमचा ड्रायव्हरच वाटाड्या होता. हिरवा स्वेटर घातलेला, तिशीतला, हसरा माणूस. गुजराती दुकानदारांकडे काम केल्यामुळे त्याला कामापुरतं हिंदी यायचं, आणि आत्याबाईंना तो पहिल्या क्षणापासून 'माजी' म्हणायला लागला. फाटकाशी गाडी थांबवून त्यानं नियम सांगितले. गाडीतून उतरायचं नाही, जनावरांना काही खाऊ घालायचं नाही, आणि मुख्य म्हणजे ओरडायचं नाही. लेक हसून म्हणाली की तिसऱ्या नियमापुरती आमची आजी नंबर एकची पर्यटक आहे. आत्याबाईही हसल्या. मला मात्र ते काही गोड लागलं नाही.

गाडीचं छप्पर वर उचललं जायचं, मग आपण उभं राहून चारी बाजूंनी बघायचं. तळ्याचं पाणी गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाढलंय असं ड्रायव्हरनं सांगितलं. काठची बाभळीसारखी झाडं पाण्यात जाऊन वाळली होती आणि त्या पांढऱ्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. रोहित पक्षी, ज्यांच्यासाठी मी एवढा प्रवास केला, ते लांब पलीकडच्या काठाला होते. नुसती गुलाबी रेघ. पण झोळीवाले पांढरे पेलिकन इतके जवळून गेले की त्यांच्या पंखांचा वारा ऐकू आला. मासे पकडणारा गरुड मान मागे टाकून ओरडत होता. मी दुर्बीण डोळ्यांवरून काढत नव्हते. एका म्हाताऱ्या गेंड्याला बघायला लेकीनं मला दोनदा ओढलं तेव्हा मी तिच्यावर चिडले. गेंडा काय, कुठं पळून चालला होता?

आत्याबाईंचं बघणं निराळं होतं. झेब्रा दिसला तेव्हा त्या नातीच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या आणि नातीनं आम्हाला सांगितलं, "आजी म्हणते, गाढव आहे, पण पोळ्याला सजवलेलं." रानम्हशींचा कळप आडवा आला तेव्हा म्हणे, दूध काढून पाहिलं काय कोणी. पाखरांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांच्या लेखी पाखरू म्हणजे दाणे खाणारं. ते बघायला विमानानं यायचं, ही त्यांच्या दृष्टीनं सुनेच्या डोक्यात गेलेली हवा. मला राग आला. निदान कुजबुजून तरी माझ्याशी भांडा, असं वाटलं. त्या नातीच्या कानाशीच बोलत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरनं आम्हाला उद्यानाच्या एका टोकाला नेलं. तिथं ओढा तळ्याला मिळतो आणि दलदल आहे. मी त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की मला मुकुटवाले क्रौंच बघायचे आहेत. डोक्यावर सोनेरी केसांचा तुरा असलेला हा उंच पक्षी मी फक्त चित्रात पाहिला होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि बोटानं दाखवलं. गवतात जोडी उभी होती, आणि त्यांच्या पायांत एक बदामी रंगाचं पिल्लू. मी श्वास रोखला. छपराच्या कडेवर कोपर टेकवून दुर्बीण स्थिर केली. नर मान वाकवून गवतातलं काही टिपत होता, मादी पिल्लाच्या पुढं चालत होती. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुंदर सकाळ होती, हे मला त्याच क्षणी कळत होतं.

दलदलीच्या मागे कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे शेतं. माझं तिकडे लक्षच नव्हतं.

आणि अचानक गाडीतून कोणीतरी किंचाळलं. "आलीऽऽ, आली वोऽऽऽ!"

क्रौंचांची जोडी दचकली. मादीनं पिल्लाला गवतात ढकललं, नर पंख उघडून दोन ढांगा पळाला आणि उडाला. दुर्बिणीत नुसतं रिकामं गवत उरलं. माझं डोकं फिरलं. मी लेकीला झापायलाच वळले, कारण त्या गाडीत एवढं ओरडू शकणारी तीच एक होती. लेक तोंडावर हात धरून उभी होती. तिच्या शेजारी आत्याबाई सीटवर चढलेल्या, एका हातानं गज धरलेला, दुसरा हात तोंडाशी.

"आली वोऽऽ! पाह्य मागंऽऽ!"

आवाज फाटका होता. मध्येच तुटत होता, घासत होता, पण आवाज होता. मी खाली बसले आणि पुन्हा उठले, कारण त्या काय बघताहेत ते बघायला हवं होतं.

तळ्याकाठच्या लव्हाळ्यातून पाखरांचा एक प्रचंड थवा उठला होता. चिमणीएवढी पाखरं, पण किती, ते सांगता येणार नाही. मळणीच्या वेळी वाऱ्यानं भुसा उडतो तसा तो ढग वळत, फुगत, कुंपणावरून पलीकडे निघाला होता. पलीकडे ज्वारीसारखी भरलेली कणसं उभी होती. त्या वावरात चार बल्ल्यांवर मचाणासारखा बांधलेला एक माळा होता, आणि त्याच्या पायथ्याशी एक बाई आमच्याकडे पाठ करून बसली होती. बहुधा न्याहारीला बसली असावी. तिला काही पत्ताच नव्हता.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. मी लग्न होऊन आले तेव्हा गावात अजून ज्वारी होती. आता सगळं सोयाबीन आहे आणि सोयाबीनला पाखरांचं भय नाही. ज्वारी हुरड्यात आली की बायका माळ्यावर उभ्या राहून पाखरं राखायच्या, गोफण फिरवायच्या, डबा वाजवायच्या. पण आपल्या वावरातून उठवलेला थवा जातो कुठं? शेजारणीच्या वावरात. म्हणून पाखरं उठवली की लगेच शेजारणीला हाळी द्यायची, असा दंडक होता. नुसती हाळी देऊन चालायचं नाही. तिची ओ येईपर्यंत देत राहायची. हाळी न देता जिनं पाखरं हाकलली, तिच्या हातचं पाणी बायका पीत नसत. आत्याबाईंनी अर्धं आयुष्य त्या माळ्यावर काढलं होतं. सोयाबीन आल्यावर तो माळा मोडून त्याच्या बल्ल्या गोठ्याला लागल्या, एवढंच मला माहीत होतं.

ती बाई अजून वळली नव्हती, म्हणून आत्याबाई थांबत नव्हत्या. ड्रायव्हर घाबरून मागे वळला होता आणि ओठांवर बोट ठेवून "माजी, माजी" करत होता. लेकीनं त्याचा खांदा धरून त्याला गप्प केलं. आत्याबाईंनी छातीत श्वास भरला, आणि या वेळी जो आवाज निघाला तो मी ओळखला. पलीकडच्या गल्लीतल्या पोराला उठवणारा तो आवाज होता.

कुंपणापलीकडची बाई उठली. आधी तिनं आमच्याकडे पाहिलं, मग वर. हातातलं टाकून ती माळ्यावर चढली, एक पत्र्याचा डबा उचलून काठीनं बडवायला लागली, आणि तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक ओरडली. थवा तिच्या वावरावर उतरता उतरता पुन्हा उचलला गेला आणि वळून तळ्याकडे परत आला. आमच्या डोक्यावरून जाताना त्या हजारो पंखांचा आवाज अंगावर आला. तेवढ्या वेळात मी विद्यार्थ्याला सांगावं तसं मनात म्हणूनही घेतलं की ही लाल चोचीची क्वेलिया. नाद कुठं सुटतो?

थवा गेल्यावर ती बाई माळ्यावर वळली. आमच्या गाडीकडे तोंड करून तिनं हात वर केला आणि एक लांब, चढत जाणारा सूर लावला. शब्द आम्हाला कळले नाहीत. आत्याबाईंना कळायची गरजच नव्हती. त्यांनी तसाच सूर परत पाठवला, आणि मग शांतपणे सीटवरून उतरून खाली बसल्या.

मी रडत होते. लेक रडत होती. ड्रायव्हर रडत नव्हता, पण गाडी सुरू करायला त्यानं बराच वेळ घेतला. त्याची आईही हंगामात अशीच उभी राहते, म्हणाला, आणि ही पाखरं एका दिवसात वावर साफ करतात. तरीसुद्धा नियम तो नियम, आता माजींनी पुन्हा असं करू नये, नाहीतर वनरक्षक त्यालाच धरतील. आत्याबाईंनी मान हलवली. क्रौंच गेले म्हणून त्याला माझं वाईट वाटत होतं, दुसरीकडे दाखवतो म्हणाला. क्रौंच मला तेव्हा आठवतही नव्हते.

उद्यानाबाहेर आम्ही एका साध्या गेस्टहाऊसमध्ये उतरलो होतो. दुपारी तिथं पोचल्यावर मी लगेच सुरू झाले. गरम पाणी आणलं, मीठ टाकलं, गुळण्या करायला लावल्या. घसा सुजेल, आता अजिबात बोलू नका, विश्रांती द्या, उद्या बघू, असं मी एका दमात सांगत होते. आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी पेला बाजूला ठेवला.

"किती गप करशील वो मले?" त्या म्हणाल्या. आवाज घोगरा होता, पण कानाशी न येता म्हणाल्या, पलंगावर बसून, खोलीच्या त्या टोकावरून.

मी गरम पाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"डॉक्टर म्हने 'आ' करा. कोनासाठी करू? मी तोंड उघडलं का तू बोलून मोकळी. पोरगा म्हने, माय, बोलू नोको, तरास व्हते. बोललं त कोनी ओ देत नाई, मंग मानूस बोलते कायले?" त्या दम घ्यायला थांबल्या. "त्या बाईनं ओ देल्ली मले."

आम्ही केलं ते सगळं मायेनंच केलं होतं, हे खरं. आणि त्या म्हणत होत्या तेही खरं होतं. मी त्यांच्याजवळ बसायला गेले तर त्यांनी मला हातानं दूर केलं, रागानं नाही, बाजूला सरक अशा अर्थानं, आणि चपला घालून बाहेर गेल्या.

लेक धावत त्यांच्यामागे निघाली, मी तिला थांबवलं. खिडकीतून दिसत होतं. गेस्टहाऊसचं आवार मोठं होतं, मागे मक्याचा तुकडा, त्यापलीकडे उतार आणि खाली लांबवर तळं. आत्याबाई आवार ओलांडून मक्याच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, गेल्या. तिथं उभ्या राहून त्यांनी पदर खोचला, आभाळाकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं. आवाज दुसऱ्या दिवशी राहील की नाही ते मला माहीत नव्हतं. पुढे तो कधी यायचा, कधी बसायचा, गावी गेल्यावर डॉक्टरांकडे खेपाही झाल्या. पण त्या वेळी मला ते काहीच ठाऊक नव्हतं. मी एवढंच पाहिलं की त्या वळल्या आणि त्यांनी हात तोंडाशी नेला.

"काय वोऽऽ," आत्याबाईंनी तिथून हाळी दिली, "येतं काऽऽ पाखरं पाह्यलेऽऽ?"

बाजूच्या खोलीतले पाहुणे दार उघडून बघायला लागले. मी खिडकी पूर्ण उघडली, छाती भरून श्वास घेतला, आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं ओ दिली.